डावी बाजू भावाची

दर रविवारी सकाळी आठ वाजता ताई बादली घेऊन अंगणात उतरत आणि गाडी अर्धी धूत. अर्धी म्हणजे अगदी मोजून अर्धी. बोनेटच्या मधोमध कंपनीचं चिन्ह होतं, तिथून एक न दिसणारी रेघ निघे आणि पुढच्या काचेवरून, टपावरून मागे डिकीच्या कुलपापर्यंत जाई. तिच्या उजवीकडचा इंच न् इंच ताईंचा फडका पुसून काढी आणि रेघेपाशी आला की उंबरा लागल्यासारखा थांबे. डाव्या बाजूला सहा वर्षांत पाणी लागलं असेल ते फक्त आभाळातलं.

त्यामुळे दोन वेगळ्या गाड्या मधोमध जोडल्यासारखं ते ध्यान दिसायचं. मूळ रंग गडद निळा. उजवीकडे तो अजून निळा होता. डावीकडे धुळीने आणि उतरत्या उन्हाने त्याची पार रया गेली होती. काळ्या प्लॅस्टिकचे भाग, म्हणजे बंपरचा खालचा पट्टा, दारांवरच्या जाड पट्ट्या, आरशाची टोपी, चाकांवरच्या कमानी, हे तर राखाडी होऊन वर पांढरट पडले होते, खडूचा हात लागल्यासारखे. उजवीकडचं प्लॅस्टिकही काही काळं राहिलेलं नव्हतं. एकवीस वर्षांच्या गाडीचं कुठलं राहणार? पण ते निदान स्वच्छ राखाडी होतं.

आसपासचे लोक आधी हसले, मग त्यांनी विचारून पाहिलं, मग त्यांना सवय झाली. शेजारी पाट्या रंगवणारा एक पेंटर राहायचा. तो तेवढा अधूनमधून गॅलरीतून विचारायचा की ताई, साबण संपला की हौस? ताई म्हणायच्या, "माझी बाजू संपली," आणि बादली उपडी करून आत जायच्या. भावाशी बिनसलंय आणि बाई भलत्याच आकसाची आहे, असं लोकांनी आपापसात ठरवून टाकलं होतं.

आकस नव्हता. पण ते कळायला ताई कोण होत्या हे आधी सांगायला हवं.

ताई तेहतीस वर्षं एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. बाटल्या भरायच्या, काचनळ्या धुवायच्या, मुलांच्या टेबलांवर सामान मांडायचं आणि तास संपला की उचलायचं. प्रत्येक बाटलीवर त्यांच्या गोल, उभ्या अक्षरातली चिठ्ठी असे, आत काय आहे, कधी भरलं, कोणी भरलं. मुलांनी वीस मिली मोजून घेतलं की ताई येता-जाता डोळा बारीक करून ते पुन्हा मोजत. नव्याने आलेल्या एका विज्ञानाच्या सरांनी काही वजन करून ठेवलं तर सर बाहेर गेल्यावर त्यांनी तेही पुन्हा करून पाहिलं. सरांवर विश्वास नव्हता असं नाही. ज्याची काळजी वाटते ते पुन्हा मोजायचं, इतकी साधी त्यांची समजूत होती. समोरच्याला ते कसं लागतं हा विचार त्यांच्या मनाला फारसा शिवलाच नाही, कारण शाळेत कोणी बोलून दाखवलं नाही. प्रयोगशाळेत ते गुणातच धरलं जायचं.

धाकटा भाऊ अग्निशमन दलात होता. ताईंपेक्षा दोनच वर्षांनी लहान, पण स्वभाव दुसऱ्या टोकाचा. पाच मिनिटांत जेवण, तीन मिनिटांत अंघोळ. घंटा वाजली की बुटात पाय घालून गाडीवर चढायचं, ही पंचवीस वर्षांची सवय घरी कशी सुटणार? एकाच गोष्टीला तो वेळ द्यायचा, ती म्हणजे त्याचे काळे बूट. त्यांत तोंड दिसेपर्यंत तो ब्रश फिरवत बसायचा.

गाडी वडिलांची. पाण्याचे मीटर वाचत गावभर पायी फिरून ते निवृत्त झाले आणि आता आपण बसूनच जाणार म्हणाले. गाडी घेतली आणि दोन्ही मुलांना दर रविवारी धुवायला जुंपलं. ताईंनी लग्न केलं नव्हतं, त्या वडिलांपाशीच राहत. भाऊ गावाच्या दुसऱ्या टोकाहून सायकलवर यायचा. त्याचं काम वीस मिनिटांत उरकायचं, आणि तो हात पुसत चहाला बसला की ताई त्याने धुतलेल्या भागावरून पुन्हा फडका फिरवायच्या. असे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी वडील खुर्चीवरून उठले आणि बोनेटवरच्या फेसात बोटाने सरळ रेघ ओढून म्हणाले, ही बाजू हिची, ती त्याची, रेघ ओलांडायची नाही आणि पलीकडे डोकवायचंही नाही. तेव्हा दोघांची वयं मिळून ऐंशीच्या वर होती. भावाच्या बायकोला, वहिनींना, हे ऐकून हसू आवरेना. ताईंना मात्र ते शिक्षेसारखं वाटलं नाही. नियम म्हटला की तो पाळायचा, एवढंच. त्यांनी तो पंधरा वर्षं पाळला.

मोडला तो दुसरीकडेच. वडील शेवटी तेरा महिने अंथरुणाला होते. रोजच्या अकरा गोळ्या, सकाळच्या वेगळ्या, दुपारच्या वेगळ्या. दिवसांची नावं लिहिलेली, खण पाडलेली प्लॅस्टिकची एक डबी होती. तीन दिवस भावाचे, चार ताईंचे. भाऊ आपल्या दिवशी यायचा, वडिलांचं अंग पुसायचा, दाढी करायचा, डबीत गोळ्या भरून ठेवायचा. तो गेला की ताई डबी ताटलीत उपडी करायच्या आणि गोळ्या चिठ्ठीशी ताडून पुन्हा भरायच्या. एका संध्याकाळी भाऊ विसरलेला चष्मा न्यायला परत आला तेव्हा ताई खिडकीपाशी बसून बोटाने गोळ्या सरकवत होत्या. त्याने चष्मा उचलला आणि गेला. पुढे वडील जाईपर्यंत त्याने आपला एकही दिवस चुकवला नाही. वडील गेल्यावर घर आवरताना तो एवढंच म्हणाला, "ताई, पंचवीस वर्षं मी माणसं आगीतून बाहेर काढली. मागाहून मोजायला कोणी आलं नाही."

पुढच्या रविवारी तो गाडी धुवायला आला नाही. ताईंना वाटलं, त्याच्या पुढच्या रविवारी येईल. असं वाटण्यात सहा वर्षं गेली.

त्या सहा वर्षांत निरोप्याचं काम केलं भावाच्या मुलीने. ती दोन्ही घरांत जायची-यायची आणि दोन्हीकडचं ऐकून घ्यायची, म्हणून घरात तिचं नाव टपाल पडलं होतं. वाढदिवसाचं टपाल, तापाचं टपाल, ताईंच्या मोतीबिंदूचं टपाल. यंदा मात्र टपाल स्वतःचंच काम घेऊन आलं. तिला नोकरी लागली होती. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना, पडून उठलेल्यांना व्यायाम द्यायचा, आखडलेले हातपाय हलते करायचे. एक तारखेपासून, म्हणजे तीन आठवड्यांनी येणाऱ्या बुधवारपासून रुजू व्हायचं होतं आणि दिवसाला पाच-सहा घरं फिरायची होती. तिने भीतभीतच विचारलं की आत्या, तू गाडी आठवड्यातून एकदा फक्त कोपऱ्यापर्यंत फिरवून आणतेस, तर मी नेऊ का?

ताई लगेच हो म्हणाल्या. गाडी एकदा दुसऱ्या दारी गेली की रविवार संपले, आणि भावाला या अंगणात येण्याचं जे एक कारण अजून शिल्लक होतं तेही संपलं, हे त्यांच्या लक्षात आलं. गाडी काळी होवो की पांढरी, त्यांना हवं होतं ते एवढंच, की तो एकदा त्या अंगणात येऊन उभा राहावा. पण हे असं सरळ सांगायची त्या घरात कोणालाच सवय नव्हती. त्यांनी टपालाबरोबर निरोप धाडला की रुग्णांच्या दारात उभी राहायची गाडी आहे, ती नीट करून द्यायला हवी. उजवी बाजू मी करते. डावी बाजू तुझ्या बाबांना करायला सांग.

उजव्या बाजूचं काम ताईंनी त्यांच्या रीतीने केलं. मागच्या दारावरच्या पट्टीवर कागदी टेपने सहा चौकोन आखले आणि त्यांना आकडे घातले. पहिल्यात स्वयंपाकाचं तेल, दुसऱ्यात ग्लिसरीन, तिसऱ्यात बुटाचं पॉलिश, चौथ्याला शेजारच्या पेंटरकडून मागून आणलेल्या हीट गनची गरम हवा, पाचव्यात दुकानातला चकाकीचा फवारा, सहाव्यात प्लॅस्टिकवर पातळ थर धरणारं एका छोट्या बाटलीतलं औषध. सगळे चौकोन पहिल्या दिवशी इतके सुंदर काळे दिसले की पेंटर गॅलरीतून खाली उतरून आला. ताई त्याला म्हणाल्या की पहिल्या दिवसाचं काही खरं नसतं. रोज सकाळी त्या प्रत्येक चौकोनावर पेलाभर पाणी ओतत आणि वहीत टिपून ठेवत. तेलावर धूळ बसली. ग्लिसरीन एका पाण्यात गेलं. पॉलिशचे तिसऱ्या दिवशी ओघळ आले. गरम हवेने काळा रंग आतून वर आला खरा, पण एका कोपऱ्यात प्लॅस्टिकची खरबरीत कांती वितळून गुळगुळीत झाली आणि ती परत येणार नव्हती. फवारा आठवडाभर टिकला. सहावा चौकोन दहा दिवसांनीही होता तसाच होता.

मग खरं काम सुरू झालं, ते म्हणजे काही न लावता नुसतं साफ करणं. प्लॅस्टिकच्या बारीक दाण्यांत पूर्वी कधीतरी लावलेलं मेण पांढरं होऊन बसलं होतं. ताईंनी जुन्या दात घासायच्या ब्रशने साबणाचं पाणी लावून ते वीत-वीतभर घासलं, कोरडं केलं, वर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि बोळा पांढराच्या पांढरा निघेपर्यंत फिरवत राहिल्या. रंगाच्या कडेने टेप लावली. सावली येईपर्यंत थांबल्या, कारण तापलेल्या प्लॅस्टिकवर औषध चटकन सुकतं आणि पट्टे उठतात. स्पंजावर चार थेंब घेऊन एका वेळी हातभर पट्टी, दोन मिनिटं थांबायचं, जास्तीचं टिपून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी दुसरा थर. मधले चोवीस तास पाणी नाही. चार दिवसांत उजवी बाजू अशी काळी झाली की ती नवी वाटण्याऐवजी खरी वाटत होती.

या सगळ्या दिवसांत भावाचं उत्तर आलं ते दोन अक्षरी. टपाल म्हणालं, "बाबा म्हणाले, बघू." ताईंनी विचारलं, कसं म्हणाले, हसून की तोडून? टपाल म्हणालं की पेपर वाचताना म्हणाले. यातून काही निघण्यासारखं नव्हतं.

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी ताई वाचनालयातून बारा वाजता परतल्या आणि फाटकातच थांबल्या. डाव्या बाजूचं सगळं प्लॅस्टिक काळंभोर झालं होतं. चकाकतही होतं. पत्राही धुतलेला होता, टपावर रेघेच्या डावीकडे पाण्याचे थेंब वाळत होते. ताई दर गुरुवारी दहा ते बारा घरात नसतात हे भावाला ठाऊक होतं. त्या आधी नुसत्या बघत राहिल्या. डोळे भरून आले ते पुसले. मग जवळ गेल्या, वाकल्या आणि वास घेतला. वास बुटाच्या पॉलिशचा होता.

कोणी दुसरा असता तर हसला असता. ताई तिथेच पायरीवर बसल्या. ज्याला आयुष्यात काळं आणि चकचकीत म्हणजे बूट एवढंच ठाऊक, त्याने मनापासून, तासभर घासून, आपला सगळ्यात चांगला हात इथे चालवला होता. आणि वहीत तिसऱ्या चौकोनापुढे त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, तिसऱ्या दिवशी ओघळ.

त्यांनी त्याला कळवलं नाही. पेंटरकडून त्याची ताडपत्री आणली आणि दव पडू नये म्हणून संध्याकाळी डाव्या बाजूवर टाकली. शुक्रवारी सकाळी काढली. दुपारी ऊन तिकडे वळलं की परत टाकली. पेंटरने विचारलं की आता काय, अर्ध्या गाडीला पांघरूण? ताई म्हणाल्या की ही बाजू भावाची आहे, जपायला हवी.

शनिवारी दुपारी टपाल आलं, कामाचा नवा पांढरा कोट घालून, आत्याला दाखवायला. ताई ताडपत्री नीट करत होत्या. ती सरकली आणि मुलगी सहज दाराला टेकली. उठली तेव्हा बाहीवर कोपरापासून मनगटापर्यंत काळा पट्टा होता. खाली दारावर तिच्या हाताचा ठसा आणि त्याखाली उन्हाने मऊ झालेले दोन ओघळ.

मुलगी गुणी. रागावली नाही. कोट काढून बादलीत बुडवला आणि म्हणाली, "आत्या, मी अशी रोज सहा घरांत जाणार. तू पुसून टाक ना हे. तुझं औषध लाव. बाबांना कळणारही नाही."

ती गेल्यावर ताईंनी स्पिरिटची बाटली आणली, बोळा आणला. काम त्यांच्या दृष्टीने दीड दिवसाचं होतं. बोळा भिजवून त्या डाव्या दारापाशी बसल्या. बाबांना कळणारही नाही. डबी उपडी करताना ताईंनाही दर वेळी हेच वाटत होतं. त्यात वाईट काही नव्हतं, चांगल्यासाठीच होतं, आणि कळणार नव्हतं. बोळ्यातलं स्पिरिट उडून गेलं, बोळा कोरडा झाला, तरी त्यांचा हात दारापर्यंत गेला नाही. न पुसावं तर मुलीची गाडी अशी. पुसावं तर भाऊ कायमचा गेला, त्याला कळो वा न कळो. शेवटी त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, साडी बदलली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाची बस धरली.

दार वहिनींनी उघडलं. सहा वर्षांनी नणंद दारात उभी, पण त्या "या" म्हणाल्या त्या कालच येऊन गेल्यासारख्या, आणि आत वळून म्हणाल्या की अहो, ताई आल्यात. भाऊ टेबलावर सदरा पसरून इस्त्री करत होता. त्याने मान वर केली, परत खाली घातली. इस्त्री चालू ठेवली.

"पॉलिश ओघळलं," ताई म्हणाल्या. त्यांना दुसरी सुरुवात सुचली नाही.

"मग आतापर्यंत पुसून झालं असेल."

"नाही."

"तुझं ते बाटलीतलं लावून..."

"मी हात लावलेला नाही."

इस्त्री थांबली. भाऊ बोलला, पण सदऱ्याकडे बघतच. "सहा वर्षं कुठे लावलास? अख्ख्या गावाला दाखवलंस. तुझी अर्धी चकचकीत, माझी अर्धी कुजलेली. लोक मला रस्त्यात विचारतात, ताई. दर रविवारी माझी लाज काढत होतीस."

ताईंना खरंच काही कळेना. इतका वेळ उभ्या होत्या, आता खुर्चीवर बसल्या. "दाखवत नव्हते रे," त्या म्हणाल्या. "ती बाजू तुझी होती. रेघ ओलांडायची नाही असं बाबांनी सांगितलं होतं. डबीच्या वेळी मी ओलांडली. पुन्हा माझ्या हातून तसं होऊ नये म्हणून तिकडे हातच नाही लावला. तू येशील तेव्हा तुझी तुला मिळावी."

भावाने त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "म्हणजे रागाने नाही?"

"राग कसला?"

करपल्याचा वास आला. वहिनींनी येऊन इस्त्री उचलली. सदऱ्याच्या पाठीवर तपकिरी त्रिकोण उठला होता. वहिनी म्हणाल्या की देवाने या दोघांना मिळून एकच डोकं दिलं असतं तरी यांनी त्यात मधोमध रेघ मारली असती. कोणी हसलं नाही, पण बरं वाटलं.

भाऊ समोर येऊन बसला. म्हणाला की तू एक फोन तरी करायचास. ताईंनी विचारलं, उचलला असतास? त्याने प्रामाणिकपणे विचार केला. पहिल्या वर्षी नसता उचलला, म्हणाला. आणि नंतर? नंतर वाट बघत होतो, म्हणाला.

ताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग म्हणाल्या, "त्या गोळ्या मी दर वेळी मोजल्या. तेरा महिने. एकदाही एक गोळी चुकलेली नव्हती. तुझ्या सगळ्या बरोबर असायच्या. ते तुला सांगायचं राहिलं."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही. माझी एकदा चुकली होती. बुधवारची."

भाऊ उठला आणि खिडकीपाशी जाऊन उगाच पडदा सारखा करत राहिला. तिथूनच बायकोला म्हणाला की चहा टाक, ताईला साखर कमी.

रविवारी सकाळी तो सायकलवर आला. ताईंनी बाटली, स्पंज, टेप, स्पिरिट, बोळे असं सगळं डाव्या बाजूला पायरीवर मांडून ठेवलं होतं, आणि स्वतः गाडीच्या आत जाऊन काचा वर करून बसल्या होत्या. आतल्या भागाला वडिलांनी रेघ ओढली नव्हती, त्यामुळे तिथे काम करायला हरकत नव्हती. रंगाच्या मऊ कुंचल्याने त्या हवेच्या झडपांमधली धूळ काढू लागल्या. बाहेर ब्रशचा आवाज येत होता, घाईघाईचा. त्या आवाजावरून किती राहतंय हे ताईंना बसल्या जागी कळत होतं. त्यांनी कुंचला अधिक जोरात फिरवला.

मधून तो काचेवर टकटक करी. बोळा पांढरा म्हणजे किती पांढरा? ताई बोळा बघत आणि अजून एकदा, असं बोटाने सांगत. औषध लावून किती थांबायचं? दोन मिनिटं. तो म्हणाला की दोन मिनिटांत आम्ही तिसऱ्या मजल्यावर शिडी लावायचो. मग घड्याळ काढून बोनेटवर ठेवलं आणि दोन मिनिटं खरोखरच थांबला, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. ताईंनी हे काचेतून पाहिलं, आणि पाहिल्याबरोबर मान फिरवली.

दुपारी त्याने हाक मारली. ताई उतरल्या, मागून पुढे एकदा फिरल्या. काम चांगलं झालं होतं. त्यांच्यासारखं नाही. कमानीवर एका ठिकाणी थर जाड बसला होता, आणि आरशाच्या टोपीखाली, उभ्या माणसाला न दिसणाऱ्या जागी, अंगठ्याएवढा पांढरट तुकडा तसाच राहिला होता. ताईंना तो दिसला. दिसणारच होता. त्यांच्या उजव्या हाताचं बोट उठलं, ते त्यांनी डाव्या मुठीत धरलं.

"बोल," भाऊ म्हणाला.

"काही नाही. छान झालंय."

"ताई, तू गप्प बसलीस की मला जास्त ऐकू येतं."

"मी काही म्हणाले का?"

तो हसला. मग गुडघ्यावर बसून स्वतःच खालून वर शोधत गेला, पुढचा बंपर, कमान, दार, आणि आरशाखाली येऊन थांबला. हे होय, म्हणाला. स्पंज उचलला आणि परत ठेवला. आता नको, ओल्यावर ओलं नको, तूच म्हणालीस. दुसरा थर देताना घेतो. हे सगळं तो स्वतःशीच बोलत होता आणि ताई मूठ घट्ट धरून ऐकत होत्या.

त्याने हात धुतले, सायकल काढली, बसायला पाय टाकला आणि वळून विचारलं, "दुसरा थर चोवीस तासांनी ना? किती वाजता येऊ?"

चोवीस तास म्हणजे एक वाजून दहा मिनिटं. ताईंनी वेळ बघून ठेवली होती. "तुला जमेल तेव्हा," त्या म्हणाल्या.

भाऊ एक वाजता येतो म्हणाला, आणि बाराला फाटक उघडून उभी राहू नकोस, अशी तंबी देऊन गेला.

सोमवारी तो साडेबारालाच आला. फाटक उघडं होतं.